अर्धा शेर, आठ छटाक

हाँगकाँगच्या मंडईत आजही भाव सांगताना 'कॅटी' हे माप वापरतात. एक कॅटी म्हणजे सोळा टेल, आपल्या हिशेबाने साधारण सहाशे पाच ग्रॅम. चीनच्या मुख्य भूमीवर पुढे हे माप बदलून दहा टेलांचं केलं गेलं, हाँगकाँगमध्ये मात्र ते सोळाचंच राहिलं. त्यामुळे 'अर्धी कॅटी, आठ टेल' असं कुणी म्हटलं की तिथल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. दोन्ही पारडी सारखी, कुणी कुणाला भारी नाही.

ज्या चित्रपटाची ही प्रस्तावना, त्याचं कँटोनीज नाव हेच आहे. जगभर तो 'द प्रायव्हेट आइज' या इंग्रजी नावाने ओळखला जातो. त्याची मराठी सबटायटलं करायला आम्ही तिघं बसलो तेव्हा पहिल्याच ओळीशी अडलो. 'खाजगी गुप्तहेर' असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण मग मूळ नावातला तराजू गेला असता. आमच्यातल्या एकाची आजी जुन्या हिशेबातली. तिला विचारलं तर ती क्षणात म्हणाली, "म्हणजे अच्छेर झालं की! अर्धा शेर काय नि आठ छटाक काय." आपल्या शेरातही सोळा छटाक. इतका नेमका जोड क्वचितच सापडतो. मराठी नाव तिथल्या तिथे ठरलं आणि या प्रस्तावनेचा मथळाही.

आता चित्रपटाबद्दल. १९७६ च्या डिसेंबरात तो हाँगकाँगमध्ये लागला. लेखन-दिग्दर्शन मायकल हुई यांचं. प्रमुख भूमिकांत ते स्वतः आणि त्यांचे दोन धाकटे भाऊ, रिकी आणि सॅम. मारामाऱ्या बसवल्या सॅमो हंग यांनी. निर्मितीत मदतीला जॉन वू होते. दहा वर्षांनी 'अ बेटर टुमॉरो' काढून जगभर नाव कमावणारे ते हेच. चित्रपटाने सुमारे पंच्याऐंशी लाख हाँगकाँग डॉलरचा धंदा केला आणि तोवरचा तिथला विक्रम मोडला.

कथा दोन ओळींची आहे. वाँग नावाचा एक माणूस छोटीशी गुप्तहेर संस्था चालवतो. हाताखाली पफी नावाचा भाबडा, धांदरट साहाय्यक. कारखान्यातून काढून टाकलेला, कुंग फू जाणणारा किट नावाचा तरुण तिथे नोकरी मागायला येतो. मग कामं येत जातात. कुणाच्या नवऱ्याचा माग काढायचा, सुपरमार्केटमध्ये माल उचलणाऱ्यांवर नजर ठेवायची. शेवटी एका चित्रपटगृहाला धमकावणाऱ्या टोळीशी गाठ पडते. सलग कथानक असं फारसं नाही. एकामागून एक प्रसंग येतात आणि प्रत्येक प्रसंग आपल्यापुरता पुरा असतो.

गुप्तहेर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार उभा राहतो. बुद्धी तल्लख, हात चलाख, पैशाची ददात नाही. इंग्रजी चित्रपटांतला गुप्तहेर कंगाल असला तरी त्याच्या कंगालपणाला एक रुबाब असतो. वाँगकडे यातलं काहीच नाही. त्याला सतावणारे प्रश्न म्हणजे भाडं, पेट्रोल आणि पगार. त्याच्या लेखी गुप्तहेरगिरी हा पोटापाण्याचा धंदा आहे, जसा न्हाव्याचा किंवा शिंप्याचा असतो. चित्रपटाच्या सुरुवातीला नामावली चालू असताना कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांकडे जातच नाही. तो फुटपाथवर खाली राहतो आणि आपल्याला फक्त चालणारी पावलं आणि बूट दिसतात. या धंद्याचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. गुप्तहेर म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या मागे चालणारा माणूस. त्याच्या बुटांचे तळ झिजतात आणि ते पैसे कुणी भरून देत नाही.

या पावलांवर सॅम हुई यांचं शीर्षकगीत सुरू होतं. हे गाणं गुप्तहेरांविषयी नाहीच. ते नोकरी करणाऱ्यांविषयी आहे. दिवसभर जीव काढायचा, मालकाची बोलणी खायची, आणि महिनाअखेरीस हातात पडतात ते पैसे पुरत नाहीत. गाण्यात नोकरदारासाठी 'दा गुंग जाय' असा शब्द येतो. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर आमचे दोन दिवस गेले. 'कर्मचारी' हा शब्द सरकारी कागदावरचा. 'कामगार' म्हटलं की मोर्चा आणि झेंडा आठवतो. 'नोकर' म्हटलं की घरातला गडी. 'दा गुंग जाय' मध्ये आपुलकी आहे, थोडा हताशपणा आहे, आणि 'आपण सगळे असेच' हा भावही आहे. शेवटी आम्ही 'चाकरमानी' लिहिलं. कोकणातून मुंबईला येऊन गिरणीत, गोदीत, कचेरीत राबलेल्या माणसाला गावाकडचे लोक ज्या प्रेमाने हा शब्द वापरतात, तोच सूर त्या कँटोनीज शब्दाला आहे, असं मला मनापासून वाटतं. मालकासाठी गाण्यात जो बोलीतला शब्द येतो तिथे आम्ही 'शेट' ठेवलं. 'साहेब' म्हटलं असतं तर दुकान जाऊन ऑफिस आलं असतं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय हा चित्रपट तिथल्या लोकांना इतका का भिडला ते समजत नाही. हाँगकाँगमधली बहुसंख्य माणसं घरी आणि रस्त्यावर कँटोनीज बोलत. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट मँडरिनमध्ये निघत. १९७२ च्या सुमारास कँटोनीज चित्रपट जवळजवळ थांबलेच होते. प्रेक्षक पडद्यावर आपल्या शहराची गोष्ट पाहायचे, पण पात्रांच्या तोंडी आपली बोली नसायची. १९७३ मध्ये दिग्दर्शक चोर युएन यांचा 'द हाउस ऑफ ७२ टेनन्ट्स' आला. एका जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंची ती कँटोनीज गोष्ट. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये तिने ब्रूस ली यांच्या 'एंटर द ड्रॅगन'लाही मागे टाकलं. त्यातून कळलं की लोक आपल्या बोलीसाठी वाट पाहत थांबले होते.

मायकल हुई तोवर टीव्हीवरून घरोघरी पोचलेले होते. १९६७ मध्ये हाँगकाँगला घरात फुकट दिसणारा टीव्ही आला आणि १९७१ पासून मायकल आणि सॅम या दोन भावांचा विनोदी कार्यक्रम त्यावर गाजला. हुई कुटुंब १९५० च्या आसपास चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून हाँगकाँगला आलं आणि डायमंड हिलच्या झोपडवस्तीत राहिलं. तिथून मुलं शिकली. मायकल यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली आणि शाळेत शिकवलं. सॅम हाँगकाँग विद्यापीठाचे पदवीधर. आधी ते इंग्रजी गाणी गाणाऱ्या बँडमध्ये होते. पुढे कँटोनीजमध्ये, रस्त्यावरच्या भाषेत गाणी लिहिण्याचं धाडस त्यांनी केलं आणि तिथून कँटोनीज पॉप संगीताला वेगळीच दिशा मिळाली. १९७४ मध्ये गोल्डन हार्वेस्ट या स्टुडिओसाठी मायकल यांनी पहिला चित्रपट केला, 'गेम्स गॅम्बलर्स प्ले'. त्याच वर्षी चिनी भाषेला हाँगकाँगमध्ये इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला. ब्रिटिश वसाहतीच्या कचेऱ्यांत लोकांच्या भाषेला जागा मिळत होती तेव्हाच ती पडद्यावरही परतत होती.

त्या वर्षांत पैशाचीही ओढाताण होती. मार्च १९७३ मध्ये हाँगकाँगचा हांग सेंग निर्देशांक सतराशेच्या वर गेला होता. डिसेंबर १९७४ मध्ये तो दीडशेपर्यंत कोसळला. कारखान्यांतल्या, दुकानांतल्या माणसांनी आपली बचत शेअरांत घातली होती. ती बुडाली. दोन वर्षांनी 'द प्रायव्हेट आइज' लागला तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्यांतल्या किती जणांना पगारातला एकेक डॉलर कुठे जातो ते तोंडपाठ असेल, याची कल्पना करता येते.

चित्रपटात वाँगही असाच एकेका डॉलरचा हिशेब ठेवतो. तो कवडीचुंबक आहे. पफीकडून काही मोडलं, काही बिघडलं की ते त्याच्या पगारातून कापलं जातं. पहिल्यांदा पाहताना मला त्याचा राग आला होता. सबटायटलांसाठी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आणि मत बदललं. त्याला कारण माझी पहिली नोकरी आहे.

बी.ए. झाल्यावर मी एका छोट्या छापखान्यात मुद्रितशोधनाला लागलो. चूक राहून पुन्हा फर्मा छापावा लागला तर कागदाचे पैसे पगारातून जात. पहिल्याच महिन्यात माझे तीस रुपये कापले. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार सुटला होता. मी मालकांवर महिनाभर धुसफुसत होतो. मग एकदा दिवाळी अंकांच्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत थांबलो. सगळे गेल्यावर मालकांनी शर्ट काढून खुंटीला लावला, स्वतः यंत्राखाली शिरले आणि रोलरला ग्रीस लावत बसले. मेकॅनिकला द्यायचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. बोटांना काळं लागलेलं, आणि त्याच हातांनी त्यांनी मला चहाचा कप दिला. पगारातून कापलेल्या पैशांचा माझा राग त्या रात्रीनंतर उरला नाही. कापणं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण आम्ही दोघं एकाच तराजूत होतो, एवढं दिसलं.

वाँगकडे तसं पाहिलं की चित्रपट उलगडतो. तो शेट आहे, पण त्याचं शेटपण एका खोलीचं आहे. गिऱ्हाईक तोंडावर आदळआपट करतं तेव्हा तोही मान खाली घालतो. पफीच्या पगाराला तो कात्री लावतो आणि त्याच्या स्वतःच्या खिशाला बाजार चाट लावतो. अर्धी कॅटी, आठ टेल. नावातली दोन पारडी मालक आणि चाकरमानी यांची आहेत, असा माझा अर्थ. चित्रपटाच्या शेवटी काय होतं ते इथे सांगत नाही, पण या तराजूकडे लक्ष ठेवून तो पाहावा.

मायकल हुई यांचा चेहरा विनोदी नटाचा नाही. ओठ मुडपलेले, डोळ्यांत हिशेब, हसू जवळजवळ नाहीच. हा माणूस कधी लोकांना हसवायला जात नाही, तो आपलं काम करत असतो. या बाबतीत सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कोंबडीचा प्रसंग. वाँग टीव्हीसमोर उभा राहून पाककृती शिकतोय. समोर सोललेली अख्खी कोंबडी. टीव्हीवरची बाई सांगेल तसं तो करतोय. मध्येच पडद्यावर पाककृतीच्या जागी व्यायामाचा कार्यक्रम येतो. वाँगच्या ते लक्षातच येत नाही. सूचना येताहेत आणि त्या पाळायच्या, एवढंच त्याला ठाऊक. तो कोंबडीचे पंख धरून वर करतो, बाजूला ताणतो, पाय वाकवतो, पुन्हा सरळ करतो. चेहऱ्यावर संपूर्ण एकाग्रता. या प्रसंगाला काय लागलं? एक टीव्ही, एक टेबल, एक कोंबडी. पैसा ओतून हे जमत नाही. १९७५ मध्ये हाँगकाँगला तिसरी टीव्ही कंपनी सुरू झाली होती आणि घरात संध्याकाळभर वाहिन्या बदलणं ही तिथली नवी सवय होती. ती सवय त्यांनी उचलली आणि एका कोंबडीवर उतरवली.

काटकसर हा या चित्रपटाचा विषय आहे आणि त्याची रीतही तीच आहे. परदेशी ठिकाणं नाहीत, राजवाडे नाहीत, उडणाऱ्या मोटारींचे ताफे नाहीत. रस्ते, हॉटेल, सुपरमार्केट, चित्रपटगृह, स्वयंपाकघर या जागा आणि त्या जागांत आधीपासून पडलेल्या वस्तू, एवढं भांडवल. बाकी सगळं लेखनावर. मायकल हुई लिहायला भरपूर वेळ घेत. १९७४ ते १९८१ या काळात त्यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट पाचच आहेत, आणि हाँगकाँगमध्ये तेव्हा एखादा दिग्दर्शक वर्षाला दोन-तीन चित्रपट सहज उरकायचा. कमी पैशांत चांगला चित्रपट करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना मी हा चित्रपट आवर्जून दाखवतो, तो यासाठी. इथे वाचवलेला पैसा दिसत नाही, खर्च केलेला वेळ दिसतो.

मारामारीकडे वळतो. चित्रपटगृहातला शेवटचा मोठा प्रसंग सॅम हुई यांचा आहे आणि तो झकास आहे. पण लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले तो प्रसंग स्वयंपाकघरातला. वाँग एका धटिंगणाशी हॉटेलच्या स्वयंपाकघरात भिडतो. वाँगला मारामारी येत नाही. तो हाताला लागेल ते उचलतो, आणि हाताला लागते सॉसेजची माळ. ती तो नान्चाकू या शस्त्रासारखी फिरवायला लागतो. ब्रूस ली यांना जाऊन तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. २० जुलै १९७३ चा तो धक्का शहर अजून विसरलेलं नव्हतं. नान्चाकू म्हणजे ब्रूस ली, हे पोराटोरांना माहीत होतं. समोरचा माणूस उचलतो शार्कचा जबडा. 'जॉज' हा अमेरिकन चित्रपट १९७५ चा, त्यामुळे प्रेक्षागृहात जबडा दिसताच सगळ्यांना खूण पटली असणार. पण हा जबडा तिथे ओढूनताणून आणलेला वाटत नाही. कँटोनीज मेजवानीत शार्कच्या पराचं सूप मानाचं, तेव्हा मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात जबडा असूच शकतो. विनोद आणि जागा यांची अशी गाठ बसली की हसू पोटातून येतं. सॅमो हंग यांनी ही लढत ज्या तालात बसवली आहे त्यात एकही फटका वाया गेलेला नाही. ते स्वतः बीजिंग ऑपेराच्या कडक शाळेत लहानपणापासून घडलेले. शरीराचा तोल कुठे सुटला की हसू येतं आणि कुठे सुटला की भीती वाटते, हे त्यांना हाडामांसातून माहीत होतं. कुंग फू आणि विनोद यांची मोट बांधून जॅकी चॅन १९७८ मध्ये 'ड्रंकन मास्टर' घेऊन आले. त्याआधी दोन वर्षं ही वाट या स्वयंपाकघरातून गेलेली आहे.

खलनायकाच्या भूमिकेत शी किएन आहेत. कँटोनीज प्रेक्षकांच्या आधीच्या पिढीने त्यांना वाँग फेइ-हुंग या लोकनायकावरच्या कृष्णधवल चित्रपटांत वर्षानुवर्षं दुष्ट म्हणून पाहिलेलं होतं. जगाने त्यांना 'एंटर द ड्रॅगन'मधला हान म्हणून पाहिलं. ते पडद्यावर आले की तिथल्या बापाला आणि मुलाला एकाच वेळी ओळख पटायची. अशा निवडी भाषांतरात येत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रिकी हुई यांच्याविषयी मी कमी लिहिलं याची रुखरुख आहे. मायकल यांचा हिशेबी चेहरा आणि सॅम यांचं तारुण्य यांच्यामध्ये ते उभे असतात, गोल चेहऱ्याचे, थोडे बावरलेले, जणू चुकून या चौकटीत आलेले. बोलणं बाजूला ठेवून फक्त त्यांचे खांदे पाहावेत. वाँग ओरडायला तोंड उघडतो त्याच्या आधीच ते खांदे वर गेलेले असतात. रोज बोलणी खाणाऱ्या माणसाचं इतकं सूक्ष्म निरीक्षण मी फार थोड्या नटांत पाहिलं. २०११ मध्ये ते गेले.

पुढचं थोडक्यात. जपानमध्ये हा चित्रपट १९७९ मध्ये 'मिस्टर बू' या नावाने लागला आणि इतका चालला की मायकल यांचे बाकीचे, एकमेकांशी संबंध नसलेले चित्रपटही तिथे त्याच नावाची मालिका म्हणून दाखवले गेले. १९८१ च्या 'सिक्युरिटी अनलिमिटेड'मध्ये मायकल हुई सुरक्षारक्षकांची गोष्ट घेऊन आले. पुन्हा गणवेश, पुन्हा पगार. त्यासाठी पहिल्याच हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. सॅम हुई १९८२ मध्ये 'एसेस गो प्लेसेस' मालिकेचे नायक झाले. त्यात यंत्रमाणसं आली, मोटारींच्या कसरती आल्या, पैसा दिसू लागला. मला ते चित्रपट आवडतात, पण झिजलेले बूट त्यात नाहीत.

सबटायटलांविषयी एक सूचना करून थांबतो. कँटोनीज बोलण्याचा वेग फार आहे आणि शब्दांवरचे श्लेष तर आम्ही अर्धेअधिक गमावले आहेत. जिथे दोन अर्थांतला एकच राखता येत होता तिथे आम्ही पैशाचा अर्थ राखला. वाचताना डोळे पडद्याच्या तळाशी अडकून राहतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून स्वयंपाकघराच्या प्रसंगात सॉसेजची माळ वाँगच्या हातात आल्यापासून ती तुटेपर्यंत आम्ही खाली एकही ओळ ठेवलेली नाही.